सोवळ्याच्या दांडीवरची जाळी

समुद्रातले सूक्ष्म जीव कुठल्या पाण्यात किती आहेत हे मोजणं, हे माझं काम. त्यासाठी पाण्यातून बारीक रेशमाची जाळी ओढायची. ती परदेशी होती, दुसरी मिळणं मुश्कील. तिची कड उसवली, म्हणून सुट्टीत एसटीनं भोरला घरी येताना मी ती शिवून घ्यायला सोबत आणली. सकाळी पाहतो तर पिशवी रिकामी.

"घाण वास मारत होती. धुतली," आई म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. नीरेच्या घाटावर धुणं म्हणजे दगडावर आपटणं. जाळीचं एक छिद्र फाकलं तरी जीव निसटणार, सगळी मोजणी चुकणार. मी नको तेवढा ओरडलो.

आईनं नुसतं वर बोट केलं. सोवळ्याच्या ज्या उंच दांडीला कुणी हात लावायचा नाही, तिच्यावर जाळी वाळत होती. रेशीम म्हणून तिनं ती आपटली नव्हती. हलकेच खळबळून काठीनं वर टाकली होती. मी भिंगातून पाहिलं. एक धागा हलला नव्हता. जीव भांड्यात पडला.

"अगं, पण त्यात मी समुद्रातले किडे धरतो."

"रेशमाला विटाळ नसतो. तुझ्या हातांना असेल. ते धू आणि जेवायला बस."