नापास करणाऱ्या बाई

कमलबाई गेल्या, हे गुरुजींनी दारात येऊन सांगितलं, त्याला आता पाच आठवडे झाले. मी खाटेची सुतळी ओढत होतो. "बरं," म्हणालो आणि ओढतच राहिलो. गुरुजी बघत उभे राहिले. बघू देत. मी दुसरी शिकलेला, गिरणीत जन्म काढलेला माणूस, कुणापुढं डोळे पुसत नाही...

माझी नात सुमन जन्मापासून बहिरी. आई-बाप नाहीत, मीच वाढवली. समोरच्याचे ओठ बघून तिला बोलणं कळतं. शाळेनं तिला चांगल्या पोरांत तिसरीला बसवलं आणि गुरुजींच्या जोडीला कमलबाई दिल्या. एका वर्गाला दोन शिकवणारे, सोलापुरात आमच्या गल्लीनं असलं पाहिलं नव्हतं. "एका म्यानात दोन तलवारी," लोक हसायचे. तलवारी कसल्या! रविवारी दोघं माझ्याच ओट्यावर बसून आठवड्याचं टाचण काढायची, कुठल्या दिवशी काय आणि कसं शिकवायचं ते. कुठला शब्द चित्रानं, कुठला वस्तू हातात देऊन... गुरुजी वैतागायचे, "बाई, साठ पोरं हायत मला!"

"मग हिला एकसष्टावी धरा की," बाई म्हणायच्या.

वार्षिक परीक्षेत सुमन मराठीत नापास झाली. गुरुजी म्हणाले, वर ढकलू बिचारीला. बाई अडून बसल्या. "आजोबा, तिनं शेजारणीचं बघून उतरवलंय. अर्थ कळलेला नाही. ढकलली तर चौथीत नुसती बसून राहील. एक वर्ष द्या मला."

"समदी वर, आन् माझीच खाली? बहिरी म्हणून?"

"बहिरी म्हणून गुण दिले असते, तर चाललं असतं तुम्हाला?"

बाईंनी शब्दात पकडलं, तसा मला राग आला. दप्तर खुंटीला टांगलं, पोरीला शेजारणींसंगं विड्या वळायला बसवलं. बाई तीनदा आल्या. तिसऱ्यांदा धाप लागली होती, ओट्यावर टेकल्या. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. "पोर आमची हाय. तुमी कोन?" म्हणालो. त्या उठून गेल्या. काळजाचं दुखणं होतं, हे नंतर कळलं.

बाई गेल्यावर दोन आठवड्यांनी गुरुजी त्यांची टाचणवही घेऊन आले. मी अक्षराला अक्षर लावत वाचली. पानापानावर सुमनचं नाव, पुढं तिच्यासाठी काय करायचं ते. मी तिला काढून घेतल्यानंतरच्या पानांवरसुद्धा. बाई दवाखान्यात गेल्या त्या आठवड्यापर्यंत...

"मी म्हणायचो, पोरगी येत न्हाय, कशाला लिवता?" गुरुजी म्हणाले. "तर म्हणायच्या, उद्या आली तर?"

दुसऱ्या दिवशी सुमनला नेऊन तिसरीत बसवलं. बाईंच्या जागी कुणी आलेलं नाही, येणारही नाही म्हणतात. गुरुजी भला माणूस, पण सवय जुनी. फळ्याकडं तोंड करून लिहिता लिहिता बोलू लागले. पोरं ऐकत होती, सुमन त्यांच्या पाठीकडं बघत होती. अशा वेळी बाई मागच्या बाकावरनं पट्टी आपटायच्या म्हणे. मी दारातनं काठी आपटली. गुरुजी दचकून वळले.

आता रोज दारात बसतो. गुरुजी फळ्याकडं फिरले की काठी आपटतो. सुमनला ती ऐकू येत नाही. ती मधूनच मान वळवते आणि मागच्या रिकाम्या बाकाकडं बघत राहते...