न चाखलेली वडी

साऱ्या नाशकात उपासासाठी इतका जीव टाकणारा आणि स्वतः जन्मात एकही उपास न केलेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या शेजारचे काका. पंचवटीतल्या चाळीत त्यांची नि आमची खोली भिंतीला भिंत लागून. काका पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. "देवानं पोट दिलंय ते काय रजेवर पाठवायला?" असं म्हणत ते एकादशीच्या सकाळी राजरोस पोहे खात, आणि पोहे संपले की बाह्या सरसावून उपासाच्या वड्या करायला बसत. दाण्याचं कूट, राजगिऱ्याच्या लाह्या, खजूर, चमचाभर तूप आणि गुळाचा पाक, एवढाच काय तो संसार. पण थाट असा, की जणू गंगापूरचं धरण पुन्हा बांधायला निघालेत. थापलेल्या वड्या कापताना कचेरीतला जुना गुण्या लावायचे. एखादी वडी काटकोनातून हलली की ती नापास, आणि नापास वडीची रवानगी तिथल्या तिथे स्वतःच्या तोंडात. नापास वड्या पुष्कळच निघत.

वडी पोटाला किती टिकते याचीही त्यांना तपासणी लागे. माझे वडील कामासाठी चांदवडला निघाले की काका त्यांच्या खिशात वड्या कोंबत आणि संध्याकाळी दारातच गाठत. "बोला, भूक कुठं लागली? पिंपळगावला, की पार चांदवडला?" वडील म्हणत, "अहो, लागलीच नाही." मग काका आमच्याच घरात बसून आमचाच चहा मोठ्या समाधानानं पीत.

हा सगळा उपद्व्याप सुरू झाला तो काकूंमुळे. काकूंना उपास फार. सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी. उरलेल्या दिवशी कुठल्या ना कुठल्या देवाचं काहीतरी निघायचंच. साबुदाण्यानं पित्त उसळायचं, म्हणून दिवसभर कपभर दूध. अंगानं आधीच काडी. एकदा गोदाकाठच्या भाजीबाजारात चक्कर येऊन पडल्या. भाजीवालीनं तोंडावर पाणी मारून त्यांना रिक्षात घातलं आणि स्वतः घरी आणून सोडलं. "आवो, बाईच्या पोटात काय बी नाय, नुसता वारा हाय," असं ती काकांना चार लोकांत सुनावून गेली. डॉक्टरांनी तेच जरा शुद्ध भाषेत सांगितलं: उपास सुटत नसतील तर पोटात धरून राहील असं काहीतरी खायला घाला. त्या दिवसापासून काकांनी एकच ध्यास घेतला. काकूंच्या पोटात उपासाच्या दिवशी काही भरीव गेलं पाहिजे.

पण काकांना चाखल्याशिवाय काही करता येत नसे. बाकीचे लोक पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते का बघतात. काका तो थेंब जिभेवर टाकत, डोळे मिटत आणि म्हणत, "अजून दोन उकळ्या." इकडे काकूंचा नियम असा, की देवाला नैवेद्य दाखवल्याखेरीज काही तोंडात घालायचं नाही, आणि आधी चाखलेला, म्हणजे उष्टा, पदार्थ देवापुढे ठेवायचा नाही. पहिल्या दिवशी काका मोठ्या ऐटीत ताट घेऊन आले. काकूंनी विचारलं, "चाखलीत?"

"किंचित." काकांना खोटं बोलणं जमत नसे.

"मग देवाला कशी दाखवू हो? वाटून टाका चाळीत."

ते ताट चाळीत फिरलं आणि चाळ वेडी झाली. तशी वडी मी पुन्हा कुठे खाल्लेली नाही.

तेव्हापासून दोन घाणे होऊ लागले. पहिला चाखून केलेला, चाळीसाठी; दुसरा न चाखता, काकूंसाठी. दुसऱ्याच्या वेळी सवयीनं बोट तोंडात जाऊ नये म्हणून काका नाकातोंडावर पंचा बांधून स्टोपुढे बसत. एकदा नवा पोस्टमन त्यांचा तो अवतार पाहून दारातूनच परत फिरला. मापं तीच, गूळ त्याच भेलीचा, पण जीभ बांधली की काकांचा हात घाबरायचा. पाक कच्चा राहील या भीतीनं ते तो इतका पुढे नेत की वडी फोडायला अडकित्ता लागे. नाहीतर करपेल म्हणून आधीच उतरवत, मग ती वडी चमच्यानं खावी लागे. एखादा खवट दाणाही नेमका त्यातच जायचा. काकू नैवेद्य दाखवून तीच वडी दुपारभर निमूटपणे चघळत बसायच्या.

"कशी झालीय?" काका विचारत.

"छान. पोटाला आधार होतो."

आधार व्हायचा हे मात्र खरं, कारण काकूंना पुन्हा चक्कर आली नाही. काका तेवढ्यावर खूश असत. साऱ्या चाळीला बोटं चाटायला लावणारी वडी काकूंच्या डोळ्यांदेखत घरोघर जायची, आणि त्या दारात उभ्या राहून कुणाकडे द्यायची राहिली ते काकांना सांगायच्या. आज आठवलं की मला फार वाईट वाटतं. तेव्हा आम्ही सगळे हसायचो, त्यांच्यासकट.

मी लग्न होऊन सिन्नरला गेले. पुढे काही वर्षांनी काकू अंथरुणाला खिळल्या आणि डॉक्टरांनी उपास बंद करायला लावले. तरी एकादशीची वडी चालूच होती. अशाच एका एकादशीला मी भेटायला गेले, तर काका पंचा बांधत होते. काकूंनी हातानं खूण केली.

"सोडा तो. आज चाखून करा."

"आणि देव?"

"देवाचं मी बघते."

काकांची जीभ अजून शाबूत होती. पुन्हा पुन्हा चाखत त्यांनी पाक उतरवला. काकूंना चावण्याची ताकद नव्हती. काकांनी चिमूटभर तुकडा त्यांच्या जिभेवर ठेवला आणि तो आपोआप विरघळला. काकूंनी डोळे मिटून चव घेतली. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं चाळीला ही देत होतात?"

"तुला चालत नव्हती ना गं."

"थोडा आग्रह तर करून बघायचात."

चिडून नव्हत्या बोलल्या. हसत होत्या, आणि म्हणूनच मला तिथं उभं राहवेना. दुसरा तुकडा काही त्यांना गेला नाही. पुढची एकादशी त्यांनी पाहिली नाही.

काकांनी वड्या बंद केल्या. चाळीतल्या बायकांनी दोनतीनदा सुचवून पाहिलं, पण ते "बघू" म्हणायचे आणि उठून आत जायचे. मी माहेरी आले की त्यांच्याकडे जाऊन बसायची. असंच एकदा पाऊसपाण्याचं, माझ्या सासरचं बोलणं चाललं होतं. मध्येच ते भिंतीकडे बघत म्हणाले, "पहिल्या वर्षी एकदा म्हटलं होतं गं तिला, खाऊन बघ, देव काही रागावत नाही. ती नको म्हणाली. आणि मी ते खरं धरलं."