बिना हेल्मेट प्रवेश निषेध

रिसालीतल्या आमच्या शेजारच्या काकांइतका दुसऱ्यांच्या जिवाला जपणारा आणि स्वतःच्या जिवावर उठलेला माणूस अख्ख्या भिलाईत दुसरा नसेल. कारखान्यात ते सेफ्टी इन्स्पेक्टर होते. डोक्यावर हेल्मेट नसलं तर मोठ्या साहेबालाही गेटवरून परत पाठवायचे. रिटायर झाले त्याच दिवशी मात्र त्यांनी आपलं पिवळं हेल्मेट खुंटीला टांगलं, आणि काकू त्यात लसूण ठेवू लागल्या.

सत्तरीत त्यांना चक्कर यायला लागली. एका सकाळी त्यांच्या न्हाणीघरात धाडकन आवाज झाला. मी धावलो, तर काका ओल्या फरशीवर आडवे, टाळूतून रक्ताची धार! मी त्यांना दवाखान्यात नेलं. आठ टाके पडले. पुन्हा डोक्यावर पडले तर वाचणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. काकूंनी लसूण ओतून हेल्मेट पुढे केलं, तर काका उलट खवळले. "ड्युटी सुटली, हेल्मेट सुटलं. न्हाणीत काय क्रेन फिरून राहिली?"

काकू वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी तेलाच्या डब्याच्या झाकणावर उरल्यासुरल्या रंगाने 'बिना हेल्मेट प्रवेश निषेध' असं लिहिलं आणि ते न्हाणीच्या दारावर ठोकलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर काय, कमरेला पंचा, डोक्यावर हेल्मेट, आणि काका मुकाट्याने आत चाललेले!

"बोर्ड लागला ना बाप्पा," ते म्हणाले, "मंग मानाच लागते."

पुढे काकू गेल्या. त्या दिवाळीला चुना मारणाऱ्यांनी ती पाटी काढून कुठेतरी टाकली, आणि काका उघड्या डोक्याने न्हाणीत शिरताना दिसले. मी पेंटरकडून सुबक अक्षरांची नवी पाटी करून आणली. काकांनी ती नीट वाचली आणि तसेच बोडक्या डोक्याने आत निघाले.

"हे ऑर्डर कोनाची हाय? मी नाई मानत."

मी मागची कोळशाची खोली उपसून काढली. तळाशी ते झाकण सापडलं. सगळी अक्षरं एका बाजूला कललेली. मी ते जुन्याच खिळ्यावर अडकवलं. काकांनी ती तिरकी अक्षरं जवळून निरखली. मग त्यांनी हेल्मेट चढवलं आणि हनुवटीखाली पट्टा आवळला.

"हं," ते म्हणाले, "हे तिची हाय."

आतून बादलीचा आवाज येईपर्यंत मी दाराबाहेरच थांबलो. पंचा आणि हेल्मेट बघून एरवी हमखास फुटणारं हसू त्या दिवशी काही केल्या आलं नाही.