शून्याचा रकाना

दामियाना यापुरा आमच्या डोंगरावरच्या इस्पितळात एकतीस वर्षं भूल देत आली. डॉक्टर येत, बदलून जात, ती तिथेच. पूर्वी हॅलोथेन होतं, गोडसर वासाचं. मुलाच्या तोंडावर मास्क हलकेच धरून ती त्याच्या घरच्या लामा-मेंढ्यांची नावं विचारायची. चौथ्या नावापर्यंत मूल झोपलेलं असे. मग ते यायचं बंद झालं, आयसोफ्लुरेन आलं. काम चोख, पण वास उग्र. मुलं ठसकतात, श्वास कोंडून धरतात; त्यांना चौघांनी दाबून धरावं लागतं. अशा दिवशी दामियानाचं सूप तसंच थंड होऊन जाई.

तिला सेवोफ्लुरेन हवं होतं. ते मुलांना सोसतं, असं तिनं वाचलं होतं. निवृत्तीला चार महिने उरले असताना आवश्यक औषधांची यादी ठरवायला सुक्रे शहरात बैठक भरली. औषधांचं भांडार माझ्याकडे, म्हणून मी निघालो. बसमध्ये बघतो तर ही आधीच बसलेली.

अध्यक्ष डॉक्टर वाल्दांनी कागद पुढे सरकवला. "मामिता," म्हातारीला लाडानं म्हणतात तसं ते म्हणाले, "आयसोफ्लुरेन स्वस्त आहे, सगळीकडे चालतं. आणि सेवोफ्लुरेनचा तुमच्याकडचा वापर बघा. सहा वर्षं शून्य."

शून्यं माझ्या अक्षरातली होती. रकाना 'गेल्या वर्षीचा वापर' असा. कधी न आलेल्या औषधापुढे मी दरवर्षी तेच लिहीत गेलो होतो.

"डॉक्टर, आमच्या नदीवर पूल नाही," दामियाना म्हणाली. "म्हणजे पुलावरून जाणारे शून्य. तुमच्या हिशेबानं पलीकडे कुणाला जायचंच नसेल."

कुणीतरी हसलं.

"मोठ्यांना तुमचं स्वस्तच द्या. मी मुलांपुरतं मागतेय. सहा वर्षांत दोनशे अकरा दाबून धरली. हे घाला त्या रकान्यात."

"जीभ तिखट आहे तुमची."

"आमच्याकडे मिरचीच पिकते, डॉक्टर."

मुलांपुरतं सेवोफ्लुरेन यादीत आलं. बाटल्या आणि ते देण्याचं वेगळं यंत्र वर पोचायला मात्र वर्ष लागणार होतं.

परतताना बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "तू ला पास शहरात शिकत असताना हुंगलंयस ना ते? कसा असतो वास?"

"गोडसर. हॅलोथेनपेक्षा हलका."

"कशासारखा पण?"

मी पेरू म्हटलं, मग खरबूज म्हटलं. तिचं समाधान होईना, माझंही.

"राहू दे," ती म्हणाली. "पहिलं मूल जागं झालं की त्याला विचार. आणि मला कळव."