दिवाळीत पोचलेली गेटं

आमच्या घराण्यात बी.कॉम. झालेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते, कारण आई-वडिलांनी ऊस तोडून मला शिकवलंय. नोकरी मात्र धरली नाही. नगरात बसून धंदा काढला. गोठ्याला लागणारी लोखंडी गेटं बनवून घ्यायची आणि दुकानदारांना पुरवायची.

बनवायचे नेवाशाजवळचे एक वेल्डर काका. घ्यायचे पुणतांब्याचे एक दुकानदार. माल काकांच्या शेडमधून थेट दुकानात जायचा, पण चलनावर नाव फक्त माझं. काकांना दुकानदार माहीत नाहीत, दुकानदारांना काका माहीत नाहीत. यात लबाडी कसली? गेट वाकलं तर बोलणी मीच खायचे. पण दोघांची एकदा गाठ पडली, की मला कोण विचारतंय? आणि मोठं गिऱ्हाईक माझ्याकडं तेवढं एकच. म्हणून टेम्पोवाल्याला ताकीद होती, "कुठून आणलं विचारलं, तर नगरच्या मॅडमचा माल. पुढं एक शब्द नाही."

दिवाळीत दुकानदारांचा फोन आला. एका गोठ्याची पाडव्याला पूजा होती आणि गेटंच नव्हती.

"सगळी वर्कशॉपं बंद हायेत मॅडम. तुमच्याच्यानंबी हुईल असं वाटत न्हाई."

झालं, मला चेव आला. काका ख्रिस्ती, दिवाळीत त्यांची शेड चालूच असते. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी गेटं दुकानाच्या दारात! मी दिवसभर तोऱ्यात फिरले.

भाऊबीज झाली आणि पुन्हा फोन.

"मॅडम, तुमचा वेल्डर नेवाशाचा ना?"

"कोण म्हणालं?"

"लक्ष्मीपूजनाला कुणी वेल्डिंग करतंय व्हय? दिवाळीला आलेल्या एकेका पाहुण्याला विचारलं, तुमच्याकडं कुणाचं काम चालू हुतं? आमच्या नेवाशाच्या साडूनं चटकन सांगितलं."

एवढं सगळ्यांचं तोंड बांधून ठेवलं, आणि बिंग फोडलं ते मी, माल वेळेवर पोचवून!

पुढची ऑर्डर आलीच नाही. काकांनीच फोन करून सांगितलं, "तुझा शेठ आल्ता. काम देऊन गेला. मी न्हाई कसं म्हणू पोरी?"

खरंच, कसं म्हणतील?

डिसेंबर संपत आला तेव्हा दुकानदारांचा आवाज पुन्हा कानावर पडला.

"तुमचे काका काय ऐकंनात. परवा गेटं पायजेत म्हणून घरी गेल्तो. केक दिला, करंज्या दिल्या, गेट काय दिलं न्हाई!"

"नाताळ आहे त्यांचा. नवं वर्ष लागल्याशिवाय शेड उघडायची नाही."

"मग मी काय करू?"

मला हसू आवरेना. पारनेरकडं माझ्या ओळखीचे दुसरे एक वेल्डर आहेत. दिवाळीत हत्याराला हात लावत नाहीत, नाताळात मात्र मोकळे. त्यांना कामाला लावलं. ठरल्या दिवशी माल पोचला, चलनावर नाव माझंच.

"आता हे कुठले?" दुकानदारांनी विचारलं.

"शोधा की. सापडले तर त्यांच्या गावची जत्रा कधी असते, तेही विचारून ठेवा."



"ऱ्हाऊ द्या मॅडम," ते म्हणाले. "पुढच्या महिन्याची ऑर्डर घ्या लिहून."