टाचण्या काढून बोलणारी

घणसोली गावात आमच्या खोलीखालीच तिचं शिवणकामाचं दुकान आहे. ती ओठांत टाचण्या धरूनच बोलते. त्या काढते फक्त भांडताना, आणि बहुतेक भांडणं टीव्हीशी. मशीन चालवता चालवता ती एका उडणाऱ्या, भिंती फोडणाऱ्या हिरोची मालिका बघते. एकदा त्या हिरोनं शहर जाळणाऱ्या सख्ख्या भावाला सोडून दिलं. तिनं टाचण्या काढून टेबलावर आपटल्या.

"भाऊ हाय म्हनून सोरला? जे मेलं त्यांना कोन नव्हतं काय?"

"अहो, मालिका आहे ती," मी म्हणाले.

"मंग? पोरं बघतात ना!"

दिवाळीच्या तोंडावर तिच्याच भावानं, म्हणजे वर राहणाऱ्या आमच्या घरमालकानं, गाडी मागे घेताना इस्त्रीवाल्याची हातगाडी पाडली आणि वर त्याच्याच कानफटात मारली. हवालदार आला तेव्हा सगळ्या गल्लीनं दारं ओढून घेतली. ती मात्र गळ्यातल्या टेपसकट बाहेर आली.

"गारी यानंच ठोकली, साहेब. मारलं पन यानंच. मी बघितलं."

"ताई, घरातली हाईस तू!" भाऊ ओरडला.

"म्हनून तर मीच बोलनार."

भाऊबीजेला तो खाली आला नाही. तीच ताट घेऊन वर गेली. मी जिन्यात होते. तिनं त्याला ओवाळलं, तोंडात लाडू घातला आणि म्हणाली, "आता चल. इस्त्रीवाल्याची माफी मांग."

तो हलेना, तशी ती ताट मांडीवर घेऊन त्याच्या उंबऱ्यात बसली. निरांजन विझलं तरी उठली नाही. शेवटी त्यानंच चपला घातल्या.