चाळिसावा न येणारं यंत्र

बल्गेरियातल्या गाब्रोवोत ल्युबेन पेन्कोव्हला लोक कुलूपवाला म्हणत. कुलपाचं दुकान काही त्याचं नव्हतं. तो आणि त्याचा जिवलग मेतोदी मिळून एक सॉफ्टवेअर बनवत, जुन्या कॅसेटमधली खरखर काढून माणसाचा आवाज स्वच्छ करणारं. ते लिनक्स नावाच्या खुल्या संगणक-प्रणालीवर चालायचं. पहिले चाळीस दिवस फुकट वापरून बघा, आवडलं तर विकत घ्या, असा मामला होता.

चाळीस हा आकडा मेतोदीचा. "आत्म्याला घर सोडायला मिळतात तेवढे दिवस गिऱ्हाइकाला देऊ," तो म्हणायचा. "रात्री कोण बघतंय, उगाच झिजायला नको, म्हणून घड्याळाचा लंबक धरून ठेवणारं आपलं कंजूष गाव. एवढी दानत दाखवली तर लोक घाबरून विकत घेतील."

लोक कसले घाबरतात! लिनक्सवाला आपल्या यंत्राचा पुरता धनी. दिवस मोजणारी खूण पुसली की पुन्हा त्याचा पहिला दिवस. नाहीतर घड्याळच मागे फिरवायचं. खूण लपवावी तर तो शोधून काढतो आणि वर जगभर बोंब मारतो, या लोकांनी माझ्या घरात चोरून काय ठेवलंय बघा म्हणून. शिवाय एकाच्या लिनक्सवर नीट बसणारं कुलूप दुसऱ्याच्या लिनक्सवर प्रामाणिक माणसालाच बाहेर कोंडतं. यावरून दोघांची रोज जुंपायची.

"कुणाच्या घरात लपवाछपवी नको, ल्युबो. खूण उघड्यावर ठेव."

"मग पाटीच लाव ना, चोरांनो या म्हणून!"

भांडण तसंच राहिलं आणि मेतोदी गेला. दाढी करताना कोसळला, तोंडाला फेस तसाच. दारावर काळी फीत लागली, त्याचा फोटो छापलेला कागद शेजारच्या झाडावरही चिकटवला गेला. ल्युबेनला रस्ता बदलून जावं लागे, कारण त्या फोटोत मेतोदी हसत होता आणि ते त्याला सहन होत नव्हतं.

दुकान जगवायचं तर कुलूप हवंच होतं. ल्युबेनने ते स्वतःच्या खोलीतल्या यंत्रावर आणलं. कुठेही कुणी फुकटची प्रत उघडली की त्या यंत्राचा क्रमांक इथे कळणार, आणि चाळीस दिवस झालेला क्रमांक पुन्हा आत येणार नाही. कुलूप अजून फिरवलं नव्हतं, नुसतं कोण येतं-जातं ते तो बघत होता.

एका सकाळी पडद्यावर एक क्रमांक उमटला, शेजारी त्या प्रतीने स्वतः मोजलेले दिवस. पहिला दिवस, चाळीस बाकी. ल्युबेनच्या हातातला कप तिथेच थांबला. तो क्रमांक त्याला तोंडपाठ होता. तो मेतोदीच्या यंत्राचा होता.

मेतोदी गेल्यापासून ते यंत्र ल्युबेनच्याच कपाटात होतं. त्याने कपाट उघडलं. वायर गुंडाळलेली, वर धुळीचा थर, पत्रा गार. दुसऱ्या दिवशी क्रमांक पुन्हा आला. पहिला दिवस, चाळीस बाकी. तिसऱ्या दिवशीही तेच. ल्युबेनला सरळ भीती वाटली. कपाटाकडे पाठ करून बसायचं त्याने सोडून दिलं.

मेतोदीच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला तो त्याच्या घरी गेला. लोक कबरीवर वाइन ओतून परतले होते, उकडलेले गोड गहू खाऊन उठत होते. सगळे गेल्यावर मेतोदीची बायको झ्लातका त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली. खिडकीपाशी एक जुना लॅपटॉप होता.

"हा कुठला?" ल्युबेनने विचारलं.

"त्याचाच. आपल्या यंत्राची हुबेहूब नक्कल आहे म्हणायचा, तपासणीसाठी केलेली. बंद केला की सगळं विसरतो."

म्हणजे क्रमांकाचीही नक्कल झाली होती. ल्युबेनच्या छातीवरचं ओझं उतरलं. पण मग झ्लातकाने लॅपटॉपला जोडलेल्या टेपमध्ये कॅसेट लावली. मेतोदीने सैन्यातून तिला पाठवलेली. आधी नुसती खरखर. ती पडद्यावरच्या खुंट्या फिरवत गेली, सरावलेल्या हातांनी, आणि विशीतला मेतोदी खोलीत बोलायला लागला. लोकरीचे मोजे पाठव म्हणत होता.

"संध्याकाळपर्यंत अगदी जवळ येतो," ती म्हणाली. "सकाळी परत लांब."

"अगं झ्लातके, हे जपून ठेवता येतं. मी तुला पूर्ण प्रत देतो. रोज रोज कशाला?"

"नको. जपून ठेवला की तो गेला." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "सगळे म्हणतायत, आज चाळीस दिवस झाले, आता जाईल. इथे बघ. इथे चाळिसावा येतच नाही."

उद्या ल्युबेनने कुलूप फिरवलं की हा क्रमांक पहिला अडकणार होता; त्याचे खरे चाळीस दिवस केव्हाच भरले होते.

सकाळी त्याने कुलूप फिरवलं. फुकटे बाहेर पडले, शिव्यांचा पाऊस पडला, दुकान तगलं. फक्त एक ओळ त्याने जास्त लिहिली. हा क्रमांक आला की दार उघडायचं. ती लपवली मात्र नाही. गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या प्रतीत, कुणालाही वाचता येईल अशी ठेवली. मेतोदीचं तेवढं ऐकलं.

हिवाळ्यात झ्लातका लॅपटॉप शालीत गुंडाळून घेऊन आली. "आता बोलत नाही रे," म्हणाली. ल्युबेनने खटपट केली, पण तो कायमचा गेला होता. दुसऱ्या यंत्रावर घेऊ या, असं त्याने म्हणून पाहिलं. रिकामी शाल घेऊन ती निघून गेली. लॅपटॉप कपाटात पहिल्या यंत्राशेजारी गेला.

दुसऱ्या सकाळी पडद्यावर तो क्रमांक आला. पहिला दिवस, चाळीस बाकी.

उघड्यावरची ओळ वाचून कुणी पठ्ठ्याने तो क्रमांक आपल्या यंत्राला लावला असणार. लिनक्सवर हे सहज होतं, आणि तो कोण हे शोधणंही ल्युबेनला जड नव्हतं. ओळ खोडली की प्रश्नच मिटला असता. त्याने खोडायच्या बटणावर बोट टेकवलं. मागे कपाट होतं. त्याने वळून पाहिलं नाही.

"ये बाबा," तो म्हणाला, आणि बोट उचललं.